खारट बटणं

आमच्या घरात कागद म्हणजे पत्रक. डाळीच्या डब्याच्या तळाशी पत्रक, सुकटीच्या मडक्याच्या तोंडावर बांधलेलं पत्रक, फळीवर अंथरलेलं पत्रक, आणि चुलीला जाळ लागत नसला की आईच्या हाताला पहिलं लागे तेही पत्रकच. बाबांचा बाजारात छोटा छापखाना होता. एक पायमशीन आणि खिळ्यांच्या, म्हणजे जुळवायच्या शिशाच्या अक्षरांच्या, लाकडी केसी एवढाच त्याचा पसारा. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापून जो कागद उरे त्यावर ते स्वतःची पत्रकं छापत: हुंड्याविरुद्ध, अंगात येण्याविरुद्ध, रेशनच्या तांदळातल्या खड्यांविरुद्ध, एकदा तर एस.टी.च्या वेळापत्रकाविरुद्ध. प्रत्येक पत्रकाच्या तळाशी एकच ओळ असे, ‘वाचा, तपासा, मगच माना.’ मी अक्षरं या पत्रकांवर शिकले. ‘आई’ लिहिता येण्याआधी मला ‘बंधुभगिनींनो’ लिहिता येत होतं, हे आई पाहुण्यांना कौतुकाने नव्हे तर कपाळाला हात लावून सांगे. माझं नाव बाबांनी क्रांती ठेवलं. गावात त्या नावाने मला कोणी हाक मारत नसे. बाबा घरात मालवणीत बोलत, मालवणीत रागावत, माशांच्या भावावरून मालवणीत भांडत, आणि जगावर मात्र प्रमाण मराठीत संतापत. मला वाटे, खरं बोलायचं तर ते शुद्धच बोलायला हवं. हा समज जायला पुढे बरीच वर्षं लागली.

पडवीत बापूकाका राहत. बाबांचे थोरले भाऊ, लग्न केलेलं नाही, आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेला. निवृत्त झाल्यावर शिकवायला वर्ग उरला नाही म्हणून ते इतिहास शोधायला निघाले, आणि तो त्यांना आचऱ्याच्या अलीकडे, आमच्या खाडीच्या तोंडाशी सापडला. पावसाळ्यात लाटांनी किनारा खाल्लेला असे. उधाण ओसरलं की खालचा काळा थर उघडा पडे आणि त्यातून खापरं, गंजके खिळे, कवड्या आणि बटणं वर येत. बापूकाका ओहोटी साधून आईची तांदळाची चाळण घेऊन जात. आई चाळण शोधत घरभर फिरे. “माझी चाळण समुद्राक गेली काय?” हा आमच्या घरातला रोजचा प्रश्न होता. परत येताना ते खापरं तिथेच टाकून देत, खिळे टाकून देत, फक्त बटणं आणत. का, असं मी विचारलं तर म्हणाले, “बाय, खापर कोणाचाय आसता. बटान माणसाच्या छातीर आसता.”

ही बटणं ते बाबांच्या छापखान्यातल्या एका मोडक्या केसमध्ये ठेवत. खिळे ठेवायचे ते लहान लहान खण, प्रत्येक खणावर अजून अक्षराची चिठ्ठी चिकटवलेली. ‘क’च्या खणात सगळ्यांत जुनी बटणं, मग ‘ख’, मग ‘ग’, असं करत शेवटी शिंपल्याची आणि हाडाची. आता कोणतं बटण किती जुनं हे ठरवायचं कसं? बापूकाका ते चाटून ठरवत. बटण जिभेवर ठेवायचं, डोळे मिटायचे, दोन-तीनदा गिळायचं, आणि मग निकाल: “ह्या पेशवाईतला.” जितकं खारट तितकं जुनं, हा त्यांचा सिद्धांत. मी वाद घालायला गेले की ते अगदी शांतपणे, वर्गात समजावत असल्यासारखं सांगत, “बांगडो मिठात जितको रवता, तितको खारट. बटनाचा काय येगळा आसा?” मी म्हणे, धातू मीठ पीत नाही. ते म्हणत, “तू चाटून बघलंस?” एकदा चिडून मी चाटलं. खारट होतं. किनाऱ्यावर सापडलेली प्रत्येक गोष्ट खारट असते, माझा हातही खारट होता, पण हे सांगायला मी तोंड उघडलं तोवर बापूकाकांनी मान डोलावली होती आणि बटण ‘क’मध्ये गेलं होतं. चार भोकांचं एक पांढरं बटण, शाळेच्या हाफपँटचं असावं, भलतंच खारट निघाल्यामुळे थेट पेशवाईच्या आधी जाऊन बसलं. आई वाढता वाढता म्हणे, “मासळी महागली, आता घरातली माणसां बटनां चाटतत.”

मी तेव्हा बाहेरगावी कॉलेजात होते. तिथल्या ग्रंथालयात पोशाखांच्या इतिहासावरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं आणि त्यात बटणांवर एक अख्खं प्रकरण. मी ते वाचून काढलं, कारण मला बापूकाकांना हरवायचं होतं. बटणाचा चेहरा बघू नये, पाठ बघावी, असं ते पुस्तक सांगे. दोरा ओवायची मागची कडी बटणाबरोबरच ओतलेली आहे की तारेची करून नंतर डाक लावून जोडलेली आहे. पाठ कोरी आहे की तिच्यावर अक्षरं आहेत. बटण एकाच पत्र्याचं आहे की दोन पत्रे दाबून कडेला मुडपलेले आहेत. भोकं दोन की चार. अशा खुणांवरून पंचवीस-तीस वर्षांच्या अंतराने बटणाचं वय सांगता येतं, आणि जिभेचा त्यात काडीचाही संबंध नाही. शिवाय एक साधी गोष्ट मला पुस्तकाशिवायही कळत होती. आपल्याकडे त्या काळी अंगरख्याला बंद असत, फार तर कापडाची गुंडी. पितळी बटणं लावून फिरत होतं कोण? हे मी दिवाळीच्या सुट्टीत घरी आल्या आल्या, चप्पल काढायच्या आधी बापूकाकांना विचारलं. ते म्हणाले, “अधिकाऱ्यांक आसतली.”

(अलीकडे मी यातल्या एका बटणाचा फोटो फोनवरून जुन्या वस्तूंच्या एका गटात टाकला. तासाभरात तीन अनोळखी माणसांनी तीन वेगवेगळी शतकं सांगितली, तिघांनीही छातीठोकपणे, आणि मग ते एकमेकांशी भांडू लागले. मी फोन बंद करून ठेवला. बापूकाका असते तर त्यांनी तिघांनाही चाटायला सांगितलं असतं.)

त्या सुट्टीत घरात एक नवीनच वारं होतं. आपला जिल्हा नुकता वेगळा झाला होता आणि ओरोसला कचेऱ्या उभ्या राहत होत्या. तिथल्या एका अधिकाऱ्याला, खातं कुठलं ते सांगत नाही, आपल्या इमारतीच्या दर्शनी दालनात जिल्ह्याच्या इतिहासाचं काचेचं कपाट मांडायचं होतं. छपाईच्या कामाने त्याची बाबांशी ओळख झाली, बाबांनी जेवायला बोलावलं, आणि हात धुवायला पडवीत गेलेला तो माणूस बापूकाकांच्या केससमोर थबकला. केसमधलं एक बटण मोठं होतं, रुपयाएवढं, हिरव्या कळंकाने पाठपोट माखलेलं, पण चेहऱ्यावर नांगर स्पष्ट दिसत होता, गलबताचा नांगर. अधिकाऱ्याने विचारलं, “शिवकालीन?” बापूकाका म्हणाले, “आरमाराचं.” तेवढ्यावर ठरलं. बटण कपाटात मधोमध राहणार, खाली बापूकाकांचं नाव, आणि बघणाऱ्यांना वाटायला एक छापील माहितीपत्रक. पत्रक छापायचं बाबांनी, आणि लिहायचं, बापूकाकांनी मला सांगितलं, “तुया. तुझ्याइतक्या चांगला कोण लिवता?”

त्यांना हे किती हवं होतं हे गावात राहिल्याशिवाय कळणार नाही. तिठ्यावर दाजींचं चहाचं हॉटेल होतं. बापूकाका तिथून चाळण घेऊन गेले की बाकड्यावरून हाक येई, “बटनमास्तर, माझ्या शर्टाचा एक कमी आसा, बगा गावता काय.” त्यांनी शिकवलेली मुलंच असायची ती, आता मिशा आलेली. बापूकाका हसत आणि पुढे जात. मला म्हणत, “बोलांदेत. खुळी आसत.” पण त्या दिवाळीत त्यांनी मला पडवीत बसवून घेतलं आणि जरा वेळ वाळू झाडत राहिल्यावर म्हणाले, “एकदा त्या काचेत जांवदे बाय. मगे काय ता हसांदेत.” आयुष्यात त्यांनी माझ्याकडे दुसरं काही मागितल्याचं आठवत नाही. आणि जे मागितलं ते खोटं होतं. मी काय करायला हवं होतं ते मला स्वच्छ दिसत होतं, आणि म्हणूनच माझा सगळ्यांवर संताप होत होता.

अधिकारी येऊन गेल्यापासून बापूकाकांनी नांगराचं बटण केसमधून काढून देवघरात ठेवलं होतं. इतकी मौल्यवान वस्तू पडवीत नको म्हणून. लंगडा बाळकृष्ण आणि शंख यांच्या मध्ये, तबकात. आणि दिवाळीच्या आदल्या दिवशी आईने दरवर्षीप्रमाणे देवघरातलं सगळं पितळ अंगणात काढलं. आमच्याकडे सोलकढी करून उरलेली सोलं टाकत नाहीत, भांड्यांसाठी ठेवतात. सोलं आणि चुलीतली राख, यांनी समया घासल्या, घंटा घासली, देव घासले, आणि तबकात होतं ते सगळं घासलं. बापूकाका ओहोटीवरून आले तेव्हा नांगर उन्हात चकचकत होता. ते पायरीवर बसलेच. “वयनी,” ते म्हणाले, “ह्या काय केलास?” घरात धाकटी असली तरी ते आईला वहिनीच म्हणत. तिने मान वर न करता उत्तर दिलं, “भावजीनू, देवांबरोबर ठेवलात, मगे देवांबरोबरच घासलंय.” ते बटण त्यांनी उचललं आणि सवयीने जिभेला लावलं. चेहरा आंबट झाला.

मी बटण त्यांच्या हातातून घेऊन उलटं केलं. कळंक गेला होता आणि पाठीवर कडेकडेने गोल फिरलेली इंग्रजी अक्षरं वर आली होती. लंडन वाचता येत होतं, आणि तीनदा सोन्याचा मुलामा दिल्याची फुशारकी. मी धावत जाऊन माझी वही आणली. पाठीवर अशी जाहिरात करायची फॅशन एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यातली, म्हणजे पेशवाई बुडाली त्याच्या आगेमागे. कडी तारेची, डाक लावलेली. नांगराभोवती दोर वेढलेला, तो इंग्रज आरमाराचा. मी एकेक मुद्दा बोटावर मोजत सांगितला. मला वाटलं, आता ते गप्प होतील. बापूकाकांनी डोळ्यांजवळ नेऊन अक्षरं नीट वाचली आणि म्हणाले, “मगे कोणीतरी कोरलेली आसतली.”

“कोणी? आणि कित्याक?”

“इंग्रजान. आपला म्हणान सांगूक.”

“तेनी आपल्या खाडीत येवन, आपला बटान सोदून काढून, तेच्या पाठीर लंडन कोरल्यान, आणि परत वाळूत टाकल्यान?”

“ते लोक काय करतीत सांगाक येणा नाय,” बापूकाका म्हणाले. “आणि नांगर आरमाराचो नाय तर काय न्हाव्याचो?”

मी तणतणत छापखान्यात गेले. बाबा लग्नपत्रिकेचे खिळे जुळवत होते. मला खात्री होती की हा माणूस माझ्या बाजूने उभा राहील. अंगात आलेल्या भगताच्या तोंडावर पत्रक ठेवून आलेला माणूस. मी सगळं सांगितलं. त्यांनी ओळ पुरी केली, हात पुसले आणि म्हणाले, “लिव गो. एका कागदान काय होता?”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “बाबा, तुमच्या पत्रकाखाली काय लिवलेला आसता?”

“माका म्हायत आसा. मीच लिवतंय ता.”

“मगे?”

“मगे काय? तेच्याकडे आयुष्यात कोणी काय मागूक नाय. आता कोणतरी मागता. देवया.”

“खोटा देवया?”

“जुना बटान आसा. खंयच्या तरी बोटीवरचा आसा. एवढा खरा पुरे.”

त्यानंतर मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. आवाज बाजारात ऐकू जात होता एवढं आठवतं, आणि समोरचा कापडवाला गल्ला सोडून दारात येऊन उभा राहिला होता. भगताची श्रद्धा ती अंधश्रद्धा आणि आपल्या भावाची ती हौस, हा कुठला न्याय, असं मी विचारलं. हे वाक्य मी प्रमाण मराठीत विचारलं. बाबांनी जुळवलेल्या ओळी सुतळीने बांधल्या. मग म्हणाले, “बरा. तुका खरा वाटता ता लिव. पण तेका वाचून दाखवल्याबिगर मी छापूचंय नाय.” हे तर आणखी वाईट होतं. ते स्वतः सुटले आणि मला अडकवून गेले.

मी लिहिलं. चार वेळा लिहिलं आणि फाडलं. सत्य सांगायला इतके शब्द का लागतात म्हणून स्वतःवरच वैतागले. शेवटी दुपारी, जेवणाआधी, पडवीत उभी राहून मी बापूकाकांना वाचून दाखवलं. बटण पितळी आहे, पाठीवर अमुक अक्षरं आहेत, कडी अशी आहे, यावरून ते एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले, इंग्रज आरमारातल्या अधिकाऱ्याच्या कोटाचे असावे. ते आमच्या खाडीत कसे आले हे माहीत नाही. गुरुजींनी ते शोधले नसते तर आपल्याला हे माहीत नाही, हेही कळले नसते. हे शेवटचं वाक्य मला जमलं होतं आणि ते वाचताना मी त्यांच्याकडे बघितलं. ते भिंतीकडे बघत होते. म्हणाले, “‘असावे’ कित्याक? खात्री आसा तर ‘आहे’ लिव. नसात तर लिवू नको.” तेवढंच. आईने बांगड्याचं तिरफळ घातलेलं तिकलं केलं होतं, त्यांच्या आवडीचं. ते पानावर बसले, भात कालवला आणि तसेच उठले. आईने माझ्याकडे रोखून बघितलं. “तुझा ता खरा मेला. माझो बांगडो फुकट गेलो.”

दुसऱ्या आठवड्यात कचेऱ्या उघडल्या त्या दिवशी सकाळी बापूकाका धुतलेलं धोतर आणि शाळेतला काळा कोट घालून पडवीत उभे होते. हातात कापसात गुंडाळलेलं बटण ठेवलेली डबी, खिशात माझा हाताने लिहिलेला कागद. “चल बाय, गाडी चुकतली.” मला कशाला न्यायचं, ते तिथे काय सांगणार, काही बोलले नाहीत. कट्टा, कसाल, ओरोस. सगळ्या वाटेवर ते खिडकीबाहेर बघत होते आणि मी मनातल्या मनात अधिकाऱ्यापुढे करायचं भाषण जुळवत होते. चांगलं भाषण होतं ते. जनता, सत्य, शासन, तिन्ही त्यात होते.

ओरोस तेव्हा गाव वाटत नसे आणि शहरही. कापलेला तांबडा जांभा, मधून आखलेले रुंद रिकामे रस्ते, ओल्या चुन्याच्या वासाच्या इमारती. अधिकाऱ्याने उठून स्वागत केलं. दालनात कपाट येऊन उभं होतं, काच अजून कागदात होती. पाटीसुद्धा रंगवून झाली होती: शिवकालीन आरमार. त्याने माझा कागद वाचला आणि चष्मा काढला.

“गुरुजी, इथे तर इंग्रजांचं म्हटलंय.”

“असं या मुलीचं म्हणणं आहे,” बापूकाका म्हणाले. कचेरीत ते वर्गातली मराठी बोलत.

“आणि तुमचं?”

“माझं म्हणणं वेगळं आहे. हे आपल्या आरमाराचंच.”

अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचं हसू आलं. “मग झालं तर. तुमचंच धरू. मजकूर तेवढा बदलून आणा.” त्याने बटण हातात घेऊन उलटसुलट केलं. “अक्षरं पाठीलाच आहेत ना? मग काय अडचण आहे? नांगराची बाजू वर ठेवू. काचेतून पाठ कोणाला दिसणार आहे?”

मी भाषणासाठी तोंड उघडलं. बापूकाकांनी हात वर केला, वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला गप्प करताना करत तसा. ते कपाटाजवळ गेले, वाकून खालची फळी बघितली.

“इथे आरसा बसवाल?”

“आरसा?”

“फळीवर. बटण वर तारेने टांगायचं, खाली आरसा. म्हणजे पाठही दिसेल.”

अधिकारी हसला. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. “गुरुजी, बघणाऱ्याच्या मनात उगाच शंका कशाला?”

“मला नाही शंका,” बापूकाका म्हणाले. “पण बघणाऱ्याला आली तर त्याला पाठ बघता यायला नको?”

“पाटी एक सांगते आणि आरशात दुसरंच दिसतं, असं कसं चालेल?”

“मग राहू दे,” बापूकाका म्हणाले. त्यांनी बटण परत मागून घेतलं, कापसात गुंडाळलं, डबीचं झाकण दोनदा दाबून बघितलं. अधिकाऱ्याने चहा मागवला होता. तो त्यांनी बसून, बशीत ओतून, सगळा प्यायला. पाटीकडे मात्र बघितलं नाही.

परतीच्या गाडीत मला राहवेना. माझं भाषण तसंच राहिलं होतं, पण जिंकले तर मीच होते. “बापूकाका, म्हंजे तुमका पटला.”

“काय?”

“ता इंग्रजांचा आसा म्हणान.”

“छट्. आरमाराचाच आसा.”

“मगे आरशाचा कित्याक काढलात?”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जणू इतकी वर्षं शिकवूनही मला काही आलं नव्हतं. “तू म्हणतंस ता साफ खोटा आसा. पण तू म्हणतंस ता लपवचा कशाक?” आणि ते पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले. कसालच्या पुढे त्यांचे डोळे भरून आले होते. मी विचारलं नाही, त्यांनीही धुळीला दोष दिला नाही. ती काच त्यांना हवी होती, मरेपर्यंत हवी होती, आणि ती आता मिळणार नव्हती. मला मात्र इतका वैताग आला होता की चालत्या गाडीतून उतरून जावंसं वाटत होतं. बरोबर मी होते. पूर्ण बरोबर. आणि ज्या माणसाला यातलं अवाक्षर पटलं नव्हतं, त्याने माझ्यासाठी आपलं कपाट सोडून दिलं होतं. अशा माणसाशी वाद घालायचा तरी कसा?

तिठ्यावर उतरलो तर दाजी गल्ल्यावरूनच ओरडले, “काय मास्तर, गेला काचेत?”

“त्यांका एकच बाजू व्हयी होती,” बापूकाका म्हणाले.

“मगे आमच्या शर्टाक लावा ता,” दाजी म्हणाले आणि बाकडं हसलं. ते पुढेही हसत राहिलं, बापूकाका असेपर्यंत.

घराच्या पायरीवर ते थांबले. “तुझा तू लिव,” ते म्हणाले, “माझा मी लिवतंय. तुझो बापूस दोनय छापतलो.” बाबांनी ते दोन्ही छापले. कागद वाचवायला एकाच कागदाच्या दोन बाजूंना. पहिली बाजू कोणाची यावरून पायमशीनशी उभं राहून आमचं जे भांडण झालं त्यात बाबांनी एवढंच सांगितलं की कागदाला पहिली बाजू नसते, हात लावू नका, शाई ओली आहे. एका बाजूला माझं ‘असावे’ होतं, बापूकाकांच्या नाकावर टिच्चून तसंच ठेवलेलं. दुसऱ्या बाजूला ‘आरमारातील वीरांच्या छातीवरील’ अशी सुरुवात होती आणि सगळ्या क्रियापदांच्या शेवटी ‘आहे’. दोन्ही बाजूंच्या तळाशी बाबांनी आपली ओळ टाकली होती.

ती पत्रकं आम्ही गावच्या जत्रेत वाटली. देवळापुढे दुपारपासूनच दुकानं मांडलेली, गुळात घोळलेल्या खाजाचे ढीग, फुगे, कुडाळहून आलेले बांगडीवाले, ओटी भरायला निघालेल्या बायका. बापूकाका काळा कोट घालून गर्दीत शिरले. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की ते प्रत्येकाच्या हातात कागद देताना स्वतःची बाजू वर ठेवून देत होते. प्रत्येकाच्या, एकालाही न चुकता. मी त्यांच्या मागे गेले. ते ज्याला कागद देत त्याच्या हातातला कागद मी उलटा करायची आणि पुढे सरकायची. लोक बुचकळ्यात पडून दोन्हीकडे बघत. खाजावाल्याच्या दुकानापर्यंत आम्ही असेच गेलो, ते पुढे आणि मी मागे. बापूकाकांनी एकदाही वळून बघितलं नाही, फक्त चालण्याचा वेग वाढवला.